कैलास बघणारे डोळे

नेत्रावती एक्स्प्रेसने त्रिशूरला उतरले आणि तिथून बसने इरिंजालकुडा गाठलं. कूडियाट्टम बघायचं होतं, जमलंच तर फोटोही काढायचे होते.

कूडियाट्टम म्हणजे केरळात आजही जिवंत असलेलं संस्कृत नाट्य. पूर्वी ते कूत्तंबलममध्येच, म्हणजे देवळातल्या नाट्यगृहातच व्हायचं. २००१ साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशात मानाची जागा दिली. या गावाने अम्मन्नूर माधव चाक्यारांसारखा (१९१७–२००८) नट दिला, म्हणून मला इथेच यायचं होतं.

फोटोची परवानगी आधीच घेतली होती. फ्लॅश नाही, शटरचा आवाज बंद. उजेड जवळजवळ समईचाच. समईला तीन वाती, त्यातल्या दोन नटाकडे आणि एकच आपल्याकडे. मागे मिळावू, म्हणजे तांब्याचे मोठे घट, घुमायला लागले की छातीत कंप जाणवतो.

रावणाला वाटेत कैलास दिसतो, तो प्रसंग चालला होता. नट लाकडी पीठावर बसलेला. हात मांडीवर, मान ताठ. फक्त बुबुळं पायथ्यापासून वर निघाली, इतकी सावकाश की ती हलताहेत हे मला जरा उशिराच कळलं. डोंगर चढत गेला तशी त्याची छाती श्वासाने भरत गेली. समोर मोकळा रंगमंच होता, पण मला पर्वत किती उंच आहे ते दिसलं. एवढं मोठं काही मी इतक्या कमी हालचालीतून उभं राहिलेलं कधीच पाहिलं नव्हतं. स्थिर बसणं म्हणजे काही न करणं नव्हे, उलट त्यात सगळं अंग राबत असतं.

मध्येच स्क्रीनवर फोटो पाहिले. उजेड कमी म्हणून शटर पाव सेकंद उघडं ठेवलं होतं. किरीटाची नक्षी, हनुवटीची कड, बोटं, सगळं लख्ख. ज्योतीचा मात्र पिवळा गोळा झालेला, आणि बुबुळांच्या जागी राखाडी पुसट रेघ. फोटोग्राफीच्या आरंभकाळातल्या दागेर या फ्रेंच माणसाने १८३८ साली पॅरिसच्या बुलवार्द द्यु ताँप्लचा फोटो घेतला, तो आठवला. त्यात गजबजलेल्या रस्त्यावरची हलती माणसं, गाड्या उमटल्याच नाहीत. बुटांना पॉलिश करून घेत उभा राहिलेला एक माणूस तेवढा उमटला. इथेही कॅमेऱ्याने स्थिर तेवढं धरलं होतं. मी जे बघायला इतक्या लांब आले, तेच निसटलं होतं.

मग मी मिळावूकडे कान लावून बसले. नजर शिखरावर पोचली की ती तिथे क्षणभर टेकायची, आणि तेव्हा श्वासही थांबलेला असायचा. त्या थांब्यावर बटण दाबायचं. बरेच फोटो हुकले. एकात डोळे मिळाले: लालसर, काठोकाठ उघडे, वर कुठेतरी खिळलेले.

पुसट रेघेचे फोटोही मी खोडले नाहीत. रावण कैलास चढून बघतोय तो त्यांच्यातच आहे.