मालवणची डॉल्फिन-स्नॉर्कलिंग ट्रिप : तिथी बघून जा, पैसे शेवटी द्या

गड्ड्याची, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेची, गर्दी ओसरली की निम्मं सोलापूर कोकणात उतरतं, तसे आम्हीपण गेलो, दोन गाड्या, बायकापोरं, सासरे सगळे, आणि परत आल्यापासून जो तो एकच विचारायलाय की मालवणला ती बोटीची ट्रिप करायची का नको. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. करायचीच. पण ती जशी विकतात तशी करायची नाही, आणि कुठल्याही दिवशी तर अजिबात नाही.

रस्त्याबद्दल फार सांगत नाही. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर हा रस्ता आता चांगला झालाय, पुढं गगनबावड्याहून करूळ घाट उतरायचा. हा घाट मध्यंतरी कामासाठी बरेच महिने बंद होता, त्यामुळं निघायच्या दिवशी कोल्हापुरात विचारून घ्या, बंद असला तर फोंडा घाटानं कणकवलीला उतरा. तारकर्लीतले बाकीचे दिवस झकास गेले, मासे, सोलकढी, पोरं वाळूत, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते त्या एका सकाळीबद्दल.

फोनवर ठरलं होतं माणशी 900 रुपये. डॉल्फिन, त्सुनामी आयलंड (देवबागच्या नदीतलं वाळूचं बेट), स्नॉर्कलिंग (मास्क-नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघायचं), पाण्याखालचा व्हिडिओ, सगळं त्यात, अर्धा दिवस. व्हॉट्सॲपवर फोटो आला तो निळ्याशार पाण्याचा, तळाची वाळू दिसतेय असा. असलं पाणी अंदमानात असतं, मालवणच्या किनाऱ्याला नसतं, हे आधी डोक्यात पक्कं करा म्हणजे निम्मी निराशा तिथंच संपेल.

दुसरी गोष्ट कोणीच सांगत नाही ती ही की या दोन वेगळ्या जागा आहेत. डॉल्फिनची बोट सुटते देवबागहून, कर्ली नदीतून, आणि स्नॉर्कलिंग होतं मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांपाशी. मधलं दहा-बारा किलोमीटर अंतर तुमच्या गाडीनं, तुमच्या पेट्रोलवर, ओल्या कपड्यांतल्या कुडकुडणाऱ्या पोरांना घेऊन. देवबाग म्हणजे एकीकडं समुद्र, एकीकडं नदी आणि मधे चिंचोळी पट्टी, त्यातून एकच अरुंद रस्ता, समोरून एसटी आली की दोन्हीकडच्या गाड्या लोकांच्या अंगणात. अर्ध्या दिवसातला निम्मा वेळ तिथंच गेला. प्रत्येकाला एक कोरडा टॉवेल न्या, आपला सोलापुरी टेरी टॉवेल न्या, तिथं भाड्यानं मिळतो त्यानं अंग पुसायची इच्छा होत नाही.

आता संगम. यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे कारण अजून माझी कंबर दुखतेय आणि सासऱ्यांची माझ्यापेक्षा जास्त. नदी समुद्राला मिळते तिथं तोंडाशी वाळू साठलेली असते. भरती असली की वरून बोट आरामात जाते, पत्ताही लागत नाही. पण ओहोटीला पाणी इतकं उथळ होतं की बाहेरून येणारी लाट त्या वाळूवर उभी राहते आणि फुटते. आम्ही सकाळी सातला निघालो ते नेमकं तळाच्या ओहोटीला. आत नदीत पाणी ताटासारखं सपाट, पोरं गाणी म्हणतायत, आणि शंभर-दीडशे मीटर पुढं पांढरा फेस दिसायला लागला. तांडेलानं, म्हणजे बोट चालवणाऱ्यानं, इंजिन बारीक केलं, दोन-तीन लाटा जाऊ दिल्या, "काय होवचा नाय, घट्ट धरून बसा" म्हणाला आणि एकदम रेस केली. फायबरची होडी, पुढचं टोक वर उठलं, आकाशच दिसलं फक्त, आणि मग धाडकन खाली. पाण्यावर आपटली का दगडावर कळू नये असा आवाज. असं तीनदा-चारदा. सासरे पुढच्या फळीवर बसले होते, मणक्याचा जुना त्रास, त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. तिघांना उलट्या झाल्या आणि डॉल्फिन अजून दिसायचाच होता.

पुढच्या फळीवर बसू नका. तिथं बसलं की फोटो भारी येतात म्हणून सगळे तिकडंच धावतात, पण सगळ्यात जोराचा दणका तिथंच बसतो. मागं इंजिनच्या जवळ किंवा मधे बसा, लाट आली की बूड किंचित उचलून गुडघ्यावर भार घ्या. कंबर-मणक्याचा त्रास असणारे, गरोदर बायका आणि अगदी लहान पोरं यांनी सरळ नदीतली आणि त्सुनामी आयलंडपर्यंतचीच फेरी करावी, संगमाच्या बाहेर जाऊच नये. मालकाला आदल्या दिवशी एकच प्रश्न विचारा, "आपण बाहेर पडू तेव्हा पाणी भरत असेल का?" नीट उत्तर दिलं तर माणूस कामाचा. "सगळं ओके आहे साहेब" म्हणाला तर दुसरा बघा. बोट लागते त्यांनी ॲव्होमिन निघायच्या तासभर आधी घ्या, बोटीत बसल्यावर घेऊन काही उपयोग नाही, आणि सकाळी सातला मिसळ चापून बोटीत बसू नका.

लाइफ जॅकेटचं बोलतो. आम्हाला दिली त्यातल्या दोनांचे बक्कल तुटलेले होते आणि पोरांना मोठ्यांचीच जॅकेटं. मी बोट अडवून धरली. बाकीचे वैतागले, मागचे लोक ओरडायला लागले, तरी दुसरी आणेपर्यंत बसलोच नाही. उजनीत 21 मे 2024 ला काय झालं ते आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही. करमाळ्याच्या कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली, सहा जण गेले. आणि तारकर्लीलाही 24 मे 2022 ला स्कूबाहून परतणारी बोट किनाऱ्याजवळच उलटून दोन पर्यटक गेले होते. जॅकेट घातलं की दोन्ही खांदे धरून वर ओढून बघा, कानापर्यंत वर आलं तर ते तुमच्या मापाचं नाही, पाण्यात पडल्यावर माणूस खाली आणि जॅकेट वर. विहिरीत गठ्ठा मारणाऱ्या आपल्या पोरांना वाटतं आपल्याला कशाला पाहिजे, पण विहिरीला काठ असतो.

डॉल्फिन दिसतात. खरंच दिसतात, आणि दिसले तेव्हा कंबर, उलट्या सगळं विसरायला झालं, हे पण लिहिलं पाहिजे. इथले डॉल्फिन किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात राहणारे, राखाडी रंगाचे, पाठीवर उंचवटा आणि त्या उंचवट्यावर पंख. टीव्हीवर दाखवतात तसे हवेत उड्या मारतील म्हणून वाट बघू नका, पाठ वर येते, फुस्स करून श्वास सोडतात आणि खाली. दोन-तीन सेकंद. मोबाईल खिशात ठेवा, शोधेपर्यंत गेलेले असतात. एक मोठा आणि त्याच्या अंगाला चिकटून एक लहान असे आमच्या बोटीपासून जेमतेम वीस फुटांवर वर आले, लहानग्याची पाठ ओली चकचकीत, आणि बोटीतले सगळे एकदम गप्प.

आणि मग बाकीच्या बोटी आल्या. सात-आठ बोटी, सगळ्यांचे इंजिन फुल, गोल करून मधे घेतलं त्यांना. ते खाली गेले ते परत वर आलेच नाहीत. लई राग आला. आमचा तांडेलपण निघाला होता मागं पळवायला, त्याला म्हटलं इंजिन बंद कर बाबा, नाही दिसले तरी चालेल, पैसे कमी करणार नाही. तो थांबला आणि दहा मिनिटांनी उलट्या बाजूला, लांब, तेच दोघं परत दिसले. डॉल्फिन काय, प्रवाळ काय, दोन्ही 1972 च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत, पण समुद्रात पोलीस नसतो, तिथं बोटीत बसलेल्यानंच बोलायचं असतं. आपल्या नान्नजला 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य झालं आणि आज तिथं जाऊन काळवीट बघून परत यायची वेळ आलीय. तुम्ही गिऱ्हाईक आहात, तुम्ही पाठलाग नको म्हणालात तर तो करणार नाही. निघायच्या आधीच सांगा.

स्नॉर्कलिंग पहिल्या दिवशी टुकार. शब्द जपून वापरत नाही. खडकापाशी बोट बांधली, टायरसारखी रिंग हातात दिली, मास्क चढवला आणि एक पोरगा तुमची मान धरून पाण्यात घालणार, दुसरा ब्रेडचे तुकडे टाकणार म्हणजे मासे जमतात, तिसरा कॅमेरा. दहा मिनिटं, नेक्स्ट. पाणी असलं गढूळ की हात लांब केला तर बोटं दिसेनात. आमचा मित्र बाहेर येऊन म्हणाला, "कसलं बे हे, हिप्परग्याच्या तळ्यात याच्यापेक्षा दिसतंय." ब्रेड टाकू नका म्हणून सांगा. खडकावरचं शेवाळ खाऊन प्रवाळ साफ ठेवणारे मासे ते, त्यांना पाव खायला शिकवून काय मिळणार. हा सगळा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, 29.12 चौरस किलोमीटर, आणि बोटीवर त्याबद्दल कोणी एक अक्षर बोललं नाही.

मला ते पटेना. दुसऱ्या दिवशी बायकापोरांना खोलीवर ठेवून मी मालवणातच दांडीच्या किनाऱ्यावर एका वयस्कर मच्छीमाराकडं गेलो. त्यांनी आधी कॅलेंडरच काढलं. म्हणाले, पौर्णिमा परवा झाली, आता उधाण आहे, पाणी जोरानं आत येतं जोरानं बाहेर जातं, तळ ढवळून निघतो, तुम्हाला काय दिसणार. थांबा, भरती भरू दे. दुपारी एकच्या सुमाराला पाणी पूर्ण भरलं आणि थोडा वेळ थांबल्यासारखं झालं तेव्हा त्यांनी मला त्याच खडकापाशी सोडलं. त्याच! दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतकं, खाली खडक स्पष्ट, त्यावर तपकिरी-हिरवट प्रवाळ, गोबीच्या गड्ड्यासारखे गोळे, पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेल्या माशांचा थवा, आणि एक हिरवा-निळा पोपटमासा खडकाला चावतोय, त्याचा कर्रकर्र आवाज पाण्यात कानाला ऐकू येतोय. पाऊण तास मी बाहेर आलो नाही. वर आलो तेव्हा ओठ निळे पडले होते आणि हसायला येत होतं.

तर तिथी. उधाण पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस सगळ्यात जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी, ओढ कमी, गाळ खाली बसलेला. शनिवार-रविवार बघून बुकिंग करू नका, अष्टमी-नवमीच्या आसपासचा दिवस बघा. भरतीची वेळ काढायला मुंबई-अलिबागकडचा सोपा हिशोब आहे, तिथीला पाऊणनं गुणायचं, म्हणजे द्वितीयेला दीड वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती, मालवणकडं ती साधारण तासभर आधी येते. त्याच्या सव्वासहा तास अलीकडं-पलीकडं ओहोटी. देवबागचा संगम ओलांडायला तळाची ओहोटी टाळायची आणि स्नॉर्कलिंगला पूर्ण भरती धरायची, एवढं जमलं तर तुमची ट्रिप माझ्या पहिल्या दिवसासारखी होणार नाही. महिने डिसेंबर ते फेब्रुवारी. मेच्या शेवटापासून ऑगस्टअखेर बोटी बंदच असतात, कोणी नेतो म्हणाला तरी बसू नका.

पोहता येतं असं धरूनच हे लिहितोय, पण विहिरीतलं पोहणं आणि हे वेगळं. आपली सवय दम धरून बुडी मारायची, इथं तोंड पाण्यात ठेवून तोंडानंच सावकाश श्वास घेत पडून राहायचं असतं. नळीत पाणी गेलं तर घाबरून मान वर काढू नका, जोरात फुंकर मारली की उडून जातं. मास्क घेताना पट्टा न लावता तोंडावर धरून नाकानं श्वास ओढा, चिकटून राहिला तर बसला, गळून पडला तर दुसरा मागा. मिशीवाल्यांच्या मिशीतून पाणी आत येतं, मिशीला व्हॅसलीन फासा. काचेला आतून थुंकी चोळून धुतली की वाफ धरत नाही. आणि खडकावर पाय टेकू नका, प्रवाळ मोडतं आणि कालवांनी तळपाय ब्लेडनं कापल्यासारखा फाटतो, माझ्या मेव्हण्याला परत येईपर्यंत चप्पल घालता आली नाही.

राहिले पैसे. 900 चे माणशी 1,450 झाले. व्हिडिओ त्यात होता म्हणाले होते, नंतर 300 वेगळे. कपडे-लॉकरचे 100. डॉल्फिन लांब गेले होते, डिझेल जास्त लागलं म्हणून 150. डॉल्फिन कुठं असावेत ते आम्ही ठरवलं होतं का? पण सगळे पैसे आधीच भरलेले, गाडीची चावी त्यांच्या माणसाकडं पार्किंगला दिलेली, पोरं भुकेली, भांडायला अंगात जीव नाही, यालाच ते टपलेले असतात. पॅकेज घेऊच नका. देवबागला डॉल्फिनची बोट वेगळी ठरवा, माणशी नाही, पूर्ण बोटीचा भाव करा. मालवणला स्नॉर्कलिंग वेगळं, मच्छीमाराकडं थेट जाऊन. मला त्या दांडीच्या काकांनी पाऊण तासाचे 500 घेतले आणि वर घरून चहा आणून पाजला. आगाऊ चौथ्या हिश्शापेक्षा जास्त देऊ नका, काय काय धरलंय ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, आणि उरलेले पैसे व्हिडिओ तुमच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये येऊन, उघडून, त्यात तुम्हीच आहात हे बघूनच द्या. आम्हाला दिलेल्या पाचपैकी दोन व्हिडिओत भलतीच माणसं निघाली.