हॅशने खाल्लेल्या ओळी

आंब्याच्या हंगामात आमच्या रत्नागिरीच्या ऑफिसात कोणी सुट्टी मागत नाही. बागायतदार आणि व्यापाऱ्यांची बिलं आमच्या सॉफ्टवेअरवर होतात. ट्रक रात्रीच वाशीला सुटायचे असतात, त्यामुळे बिल अडलं की फोन थेट मला.

त्या दिवशी एका पेढीवरच्या मुनीमकाकांचा फोन आला. ‘मॅडम, पाच डझनच्या पेटीला तुमचं मशीन चारच डझन लावतं म्हणून मी रोज हाताने एक वाढवतो. आज सहा लागले!’ ही चूक आम्ही आदल्या रात्रीच दुरुस्त केली होती. पण त्यांना पाठवलेल्या बदलांच्या यादीत तिचा उल्लेखच नव्हता.

यादी आमची स्क्रिप्ट बनवते: गिट, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणारं साधन, त्याच्या लॉगमधल्या # (हॅश) ने सुरू होणाऱ्या ओळी, म्हणजे तिकीट (कामाच्या नोंदीचे) क्रमांक, उचलायच्या. दुरुस्ती आमच्या देवगडच्या पोराची. सहा महिने झालेत त्याला. सगळ्यांसमोर मी म्हटलं, ‘नंबर टाकायला हात दुखतात का रे?’

‘टाकला होता, ताई.’

‘मग उडून गेला का?’

उडूनच गेला होता. आणि उडवला मी.

पोरगा कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलाचा, मेसेज कमांडमध्येच, डॅश एम (-m) लावून लिहितो. तेव्हा गिट फक्त मोकळ्या जागा आवरतं, # ला हात लावत नाही. त्याचे तीन कमिट मी रिबेस करून, म्हणजे नव्याने रचून, एकात स्क्वॉश केले, म्हणजे मिसळले. स्क्वॉश करताना मेसेज लिहायला एडिटर उघडतो आणि एडिटरमधून गेलेल्या मेसेजातली # ने सुरू होणारी प्रत्येक ओळ गिट टिप्पणी समजून काढून टाकतं. गिटच्या स्वतःच्या सूचनाही त्याच खुणेच्या, पोराच्या ओळीही त्याच खुणेच्या. मीही नजर फिरवली आणि सेव्ह केलं. मेसेज पूर्ण रिकामा झाला असता तर गिटने कमिटच नाकारला असता. पण प्रत्येक क्रमांकाखाली त्याचं एक नीट वाक्य होतं. ती वाक्यं उरली, क्रमांक गेले, इशारा काही नाही.

मर्क्युरिअल या गिटसारख्याच साधनात हीच खूण ‘एचजी:’ अशी आहे. चुकूनसुद्धा कोणी ओळीची सुरुवात तशी करणार नाही. गिटने मात्र # निवडलं, जे अर्धं जग तिकिटासाठी वापरतं. आणि आमच्या पुण्याच्या साहेबांनी ‘पहिलं अक्षर #’ असा नियम काढला, तेव्हा एकानेही एडिटर उघडून पाहिला नाही. त्या मीटिंगला मीही होते.

पुरावा माझ्याच लॅपटॉपवर सापडला. रीफ्लॉग, म्हणजे गिटने ठेवलेली जुन्या हालचालींची नोंद, काढला, रिबेसच्या आधीचे कमिट उघडले. तिन्ही क्रमांक जागेवर. असे सुटलेले कमिट रीफ्लॉगमध्ये साधारण 30 दिवस तरी राहतात, म्हणून वाचले. core.commentChar या सेटिंगमध्ये टिप्पणीसाठी # ऐवजी दुसरी खूण दिली, मेसेज पुन्हा लिहिला, यादी पाठवली. काकांनी 14 बिलं रद्द करून पुन्हा काढली, तोपर्यंत ट्रक उभा.

संध्याकाळी पोराला बोलावून सांगितलं, चूक माझी. तो म्हणाला, ‘तुम्ही बोललात तेव्हा मला वाटलं, मीच विसरलो असेन.’ रीफ्लॉग कसा बघायचा हे मी त्याला शिकवलंच नव्हतं. सकाळी सगळ्यांसमोर बोलले होते. संध्याकाळी ऑफिसात आम्ही दोघंच होतो.