ओएफबिझ लॅब: १८.१२.१५ चं कोडं अखेर सुटलं

मंडळी, सापडलं! अपाचे ओएफबिझच्या (धंद्याचा कारभार सांभाळणारं मोफत सॉफ्टवेअर) १८.१२.१५ आवृत्तीवर लॉगिन न करता वेबटूल्सचं (त्यातल्या अ‍ॅडमिन साधनांचं) आतलं पान उघडलं, आणि का उघडलं तेही कळलं. मागच्या अपडेटमध्ये इथेच गाडं अडलं होतं. १८.१२.१४ वर सीव्हीई-२०२४-३८८५६ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीचा क्रमांक; ही त्रुटी लॉगिनशिवाय सर्व्हरवर कोड चालवू देते) लगेच चालते, १८.१२.१५ वर तीच विनंती हात हलवत परत येते. मग सप्टेंबर २०२४ मध्ये सीव्हीई-२०२४-४५१९५ ही नवी त्रुटी जाहीर करून १८.१२.१६ आणायची वेळ का आली? रॅपिड७ या सुरक्षा कंपनीवाल्यांनी यावर सविस्तर लिहिलंय, पण ते वाचून मोकळं व्हायचं तर लॅब कशाला मांडली? लेख मुद्दाम बाजूला ठेवला होता.

मांडणी तीच. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका संगणकात अनेक आभासी संगणक) तिन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी, नेटवर्क होस्ट-ओन्ली, बाहेरची वाट बंद. (पुन्हा सांगतो, दुसऱ्याच्या सर्व्हरवर हे करून पाहू नका. आयटी कायद्याचं भरपाईचं कलम ४३ गंमत म्हणून केलेलं वेगळं धरत नाही.) लॅमिंग्टन रोडवरून आणलेली रॅमची १६ जीबीची जुनी पट्टी मजेत चालतेय. जावा ८ च लागतं, आणि अपाचेच्या झिपमध्ये ग्रेडल या बिल्ड-साधनाच्या रॅपरची जार फाइल नसते, ती आधी स्क्रिप्टने उतरवून घ्या. प्रत्येक नवा माणूस इथेच अडकतो.

आता मूळ दुखणं. रिक्वेस्टहँडलरमध्ये (आलेली विनंती हाताळणारा कोड) ब्रेकपॉइंट लावून एकेक ओळ पुढे सरकत होतो आणि कुठेच काही वावगं दिसेना. 'पासवर्ड विसरलात?' या विनंतीला लॉगिन लागतं का? नाही, लागूच नये, विसरलेला माणूस लॉगिन कसा करणार? कोणत्या विनंतीला कोणतं पान द्यायचं हे ठरवणाऱ्या कंट्रोलर फाइलमध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. तपासणी बरोबर, उत्तर बरोबर, पान मात्र भलतंच. वैताग आला होता. एखादी ओळ चुकीची असती तर बरं झालं असतं.

मग व्हेरिएबल्सची खिडकी मोठी केली, तेव्हा दिसलं की एकाच पत्त्याचे दोन ठिकाणी दोन तुकडे पडतात. एक फंक्शन 'कंट्रोल'नंतरचं पहिलं नाव उचलतं, ती विनंती. दुसरं फंक्शन त्याच्याही पुढचं नाव उचलतं, तो 'ओव्हरराइड व्ह्यू' (व्ह्यू म्हणजे दाखवायचं पान). ही सोय पहिल्यापासून मुद्दाम दिलेली आहे. परवानगी विचारली जाते पहिल्या नावाची आणि पान रंगवलं जातं दुसऱ्या नावाचं. टीसीने जनरलचं तिकीट बघून मान डोलावली आणि माणूस जाऊन बसला एसीत.

हे कळल्यावर पॅचेस ओळीने मांडले. मे २०२४, १८.१२.१३: पाथ ट्रॅव्हर्सल (पत्त्यात टिंबं घालून भलत्याच ठिकाणी शिरणं) रोखलं. जून, १८.१२.१४: पत्त्यातले अर्धविराम आणि एन्कोड केलेले टिंब गाळले. ऑगस्ट, १८.१२.१५: प्रोग्रामएक्सपोर्ट (दिलेला कोड चालवणारं पान) आणि एन्टिटीएसक्यूएलप्रोसेसर (एसक्यूएल चालवणारं पान) यांच्या ग्रूव्ही (जावावर चालणारी भाषा) फाइलींत परवानगीची तपासणी घातली. म्हणजे दरवेळी ज्या वाटेने चोर आला ती वाट बुजवली, आणि दोन नावांची फारकत तशीच राहिली! मग १८.१२.१५ वर वेबटूल्सच्या कंट्रोलरमधली व्ह्यूंची यादी वरून खाली चाळत गेलो आणि एक्सएमएल डंपचं (डेटाबेसमधला मजकूर फाइलमध्ये उतरवणारं) पान समोर उभं राहिलं. कुणीही लॉगिन केलेलं नाही, आणि टेबलांच्या नावांपुढे चौकटी. यूजरलॉगिन. क्रेडिटकार्ड. टिचकी मारायचाच अवकाश. त्या रात्री चहा दोनदा झाला.

१८.१२.१६ मध्ये प्रश्न बदललाय. माणूस लॉगिन नसेल, तर *हा व्ह्यू* अनोळखी माणसाला दाखवायचा का, असं विचारलं जातं. हे पहिल्या दिवशीच हवं होतं असं माझं मत, पण वीसेक वर्षं जुन्या फ्रेमवर्कच्या मुळाला हात घालायला कोण धजावतं, हेही समजू शकतो.

मेकर-चेकरचं (नोंदवणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा ही पद्धत) काय झालं, असं विचारणाऱ्यांसाठी. बिल नोंदवणारा एक, पेमेंट पास करणारा दुसरा, असे दोन यूजर मी मन लावून बनवले होते. १८.१२.१४ वर त्यांना काडीचाही अर्थ उरला नाही. प्रोग्रामएक्सपोर्टमधला ग्रूव्ही कोड सर्व्हरच्या प्रोसेसमध्येच चालतो आणि थेट डेटाबेसशी बोलतो, तिथे कारकून कोण आणि साहेब कोण हे विचारायला कुणी बसलेलं नाही. ऑडिटरला भूमिकांचा तक्ता कितीही देखणा दिसो. अकाउंटिंगच्या अनेक स्क्रीनमध्ये मात्र 'अकाउंटिंग पाहण्याचा हक्क आहे का' ही अट स्क्रीनच्या एक्सएमएलमध्येच लिहिलेली आहे. ज्याने ती लिहिली त्याला माझा नमस्कार.

पुढचा बेत खरं तर १८.१२.१६ वर एक चक्कर मारून फाइल बंद करायची आणि सॅप या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या 'रीकॉन' त्रुटीकडे वळायचं, असा होता. जुलै २०२० ची सीव्हीई-२०२०-६२८७, सीव्हीएसएस (धोक्याचे गुण) पूर्ण १०, सॅपच्या नेटवीव्हर जावामध्ये ओळख न देता थेट अ‍ॅडमिन यूजर तयार. पण ते घरी उभं करणं माझ्या आवाक्याबाहेरचं, नुसतं वाचनच होणार. आणि हे लिहिता लिहिता दुसरंच सुचलंय: सगळ्या कंट्रोलर फाइली स्क्रिप्टने वाचायच्या, प्रत्येक व्ह्यूच्या स्क्रीनमध्ये अट आहे की नाही ते तपासायचं, आणि १८.१२.१५ चा पूर्ण नकाशा काढायचा.

थांबा, नुसत्या एक्सएमएलवर भागणार नाही, काही अटी ग्रूव्हीत दडलेल्या आहेत. म्हणजे प्रत्यक्ष विनंती पाठवूनच बघावं लागेल. त्यातही गोची आहे. ओएफबिझ लॉगिनचं पानही २०० ('सगळं ठीक' असा कोड) देऊनच पाठवतं, त्यामुळे स्टेटस कोड बघून काही कळत नाही, उत्तराचा मजकूरच चाळावा लागेल. बर्प या चाचणी-साधनाच्या फुकट आवृत्तीत एकामागून एक विनंत्या पाठवणारा इन्ट्रूडर इतका मंद करून ठेवलाय की त्यापेक्षा पायथनचं साधं लूप परवडलं.

सुरुवात वेबटूल्सपासून, मग पार्टी, मग अकाउंटिंग. डर्बीला (ओएफबिझबरोबर येणारा डेटाबेस) मात्र मी कंटाळलोय, सर्व्हर चालू असताना बाहेरून डेटाबेसमध्ये डोकावू देत नाही. कुणी १८.१२ पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर चालवत असेल तर एन्टिटीइंजिनच्या (डेटाबेस कुठला ते ठरवणाऱ्या) फाइलमध्ये नेमकं काय बदललं, तेवढं टाका.