तुम्ही विचारलंत म्हणून : वेग बेअरिंगमध्ये असतो का?

मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना द्रवयांत्रिकी शिकवतो आणि डाउनहिल स्केटबोर्डिंगच्या शर्यती आवडीने पाहतो, हे ठाऊक असलेले विद्यार्थी एक प्रश्न मला वारंवार विचारतात : डोंगरउतारावरून ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने जाणाऱ्या या लोकांची चाके आणि बेअरिंग कोणती असतात? इंजिन नाही म्हणजे वेग घर्षण कमी करूनच मिळत असणार, अशी त्यामागची समजूत असते आणि घर्षण म्हटले की चाकच डोळ्यांसमोर येते. माझे उत्तर असे की चाकांचा हिशेब थोडक्यात आटोपतो. उताराच्या शेवटी वेग किती असेल हे मुख्यतः स्वाराचे शरीर ठरवते.

आकडे धरून पाहू. स्वार आणि फळी मिळून वजन 85 किलो आणि रस्ता दर 100 मीटरला 10 मीटर उतरणारा असेल, तर गुरुत्वाकर्षण त्याला उताराच्या दिशेने सुमारे 83 न्यूटन जोराने ओढते. पॉलियुरेथेन या चिवट, लवचीक प्लास्टिकची चाके फिरताना दबतात आणि पुन्हा पूर्ववत होतात, त्यात जाणारी ऊर्जा व बेअरिंगमधील घर्षण यांपोटी 8 न्यूटन वजा केले, तरी 75 उरतात आणि त्यांना अडवायला एकटी हवा असते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो आणि तो 75 न्यूटनांना भिडला की वेग तिथेच स्थिरावतो. समोरून दिसणारे क्षेत्रफळ आणि आकारानुसार बदलणारा रोधगुणांक यांचा गुणाकार हात पसरून ताठ उभ्या असलेल्या माणसासाठी 0.6 चौरस मीटर धरला, तर हा वेग ताशी 52 किलोमीटरच्या आसपास येतो. तोच माणूस नीट वाकला आणि गुणाकार 0.25 झाला, तर ताशी 80. आता महागडी बेअरिंग आणि उत्तम चाके घेऊन त्या 8 न्यूटनांचे 4 केले असे मानले, तरी हाती लागतात ताशी जेमतेम दोन किलोमीटर. (1970 च्या दशकात मातीच्या चाकांची जागा पॉलियुरेथेनने घेतली, तेव्हा मात्र चाकाने हा खेळ खरोखरच बदलला होता. आजच्या जाहिराती त्याच पुण्याईवर चालतात, असे माझे मत आहे.)

वाकण्याच्या या पवित्र्याला ‘टक’ म्हणतात. मागच्या पायाचा गुडघा पुढच्या पायाच्या पोटरीमागे लपवायचा, छाती पुढच्या मांडीवर टेकवायची, हात मागे नेऊन पाठीशी सपाट ठेवायचे आणि मान अशी धरायची की हेल्मेटची मागची कड पाठीला जवळजवळ लागेल. क्षेत्रफळ कमी करण्याचा भाग कोणालाही चटकन पटतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट मागच्या बाजूला घडते, आणि ती समजावताना माझा तास नेहमी लांबतो. माणसाच्या आकाराच्या वस्तूवरून जाणारी हवा शेवटपर्यंत पृष्ठभागाला धरून राहू शकत नाही. ती मध्येच सुटते आणि मागे भोवऱ्यांनी भरलेला, कमी दाबाचा पट्टा तयार होतो. पुढे जास्त दाब आणि मागे कमी, या फरकानेच शरीर मागे खेचले जाते. कातडीवरून हवा घासल्याने होणारा रोध त्यापुढे किरकोळ असतो. म्हणून हेल्मेट आणि पाठ यांच्यातील फट, कोपर बाहेर निघणे किंवा फडफडणारा कपडा यांची किंमत दिसते त्याहून मोठी असते आणि अंगाला चपखल बसणारा लेदरचा एकसंध सूट, पडल्यावर कातडी वाचवण्याबरोबरच, वेगासाठीही उपयोगी पडतो. स्पीड स्कीइंगमध्ये, म्हणजे बर्फाच्या सरळ उतारावरून शक्य तितक्या वेगाने घसरत जाण्याच्या खेळात, तर पोटऱ्यांच्या मागे निमुळते होत जाणारे तुकडे बसवतात, ते मागचा हा पट्टा अरुंद करण्यासाठीच; तिथे सिमॉन बिली याने 2023 साली फ्रान्समधील व्हार्स येथे ताशी 255.5 किलोमीटरचा वेग गाठला.

स्केटबोर्डवर उभ्याने गाठलेल्या वेगाचा विक्रम 1998 साली ॲरिझोनातील फाउंटन हिल्स येथे गॅरी हार्डविकने ताशी 100.66 किलोमीटरवर नेला होता आणि 2017 साली कॅनडातील क्वेबेक प्रांतात, ले झेबुलमाँ येथे, पीट कॉनोलीने तो 146.73 वर नेला. वेग दीडपटही झाला नाही. परंतु शरीराचा आकार तोच धरला, तर एवढ्या वाढीसाठी हवेचा रोध दुपटीहून जास्त होतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती तिपटीहून जास्त. उतार किती तीव्र आहे यावर पुष्कळ अवलंबून असतेच. पण त्यापुढची स्पर्धा सेंटीमीटरभर खाली वाकण्याची उरते.

याच गणितातून दुसऱ्या, तितक्याच वेळा येणाऱ्या प्रश्नाचेही उत्तर मिळते : ब्रेक नसताना वेग कमी कसा करतात? वळणाआधी स्वार उभा राहतो आणि हात पसरतो. वरच्या उदाहरणात ताशी 80 किलोमीटरला असे उभे राहिले, तर हवा सुमारे 177 न्यूटनांनी मागे ओढते आणि वेग झपाट्याने उतरतो. ताशी 40 ला मात्र तीच हवा 44 न्यूटनच देते, म्हणजे त्याच उतारावर हात पसरून उभा असलेला माणूस थांबण्याऐवजी वेग घेत राहतो. म्हणून कमी वेगात फळी आडवी करून चाके रस्त्यावर घसरवावी लागतात किंवा पाय टेकवून घासत न्यावा लागतो. वाहतूक बंद ठेवलेल्या रस्त्यावर हे शिकता येते. आपल्या घाटात समोरून एसटी येते.

शर्यतीत गोष्ट आणखी गुंतते. पुढच्या स्वारामागच्या कमी दाबाच्या पट्ट्यात शिरणाऱ्याला हवेचा रोध कमी होतो, तो जवळ येत जातो आणि योग्य क्षणी बाजूला सरकून पुढे निघतो. यालाच ड्राफ्टिंग म्हणतात. पण जो पट्टा त्याला वेग देतो तोच त्याचा ब्रेक काढून घेतो, कारण हात पसरले तरी अंगावर येणारी हवा आधीच मंदावलेली असते. वळणाआधी पुढचा उभा राहिला, की त्याचा वेग अचानक घटतो आणि मागच्याचा घटत नाही; म्हणून जाणता स्वार उभे राहण्याआधी एक पाऊलभर बाजूला होऊन मोकळ्या हवेत येतो.