मोठ्यांनाही काही ठाऊक नव्हते
पूर्व जर्मनीच्या स्थित्यंतरावर लिहिणारे बहुतेक जण बर्लिनची भिंत खुली झाली त्या ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्रीपाशीच रेंगाळतात. त्या वेळी शाळेत असलेले माझे लाइपझिगमधले सहकारी मात्र १ जुलै १९९० ही तारीख आधी सांगतात, कारण त्या दिवशी जुने चलन, पूर्वेचा मार्क, जाऊन पश्चिम जर्मनीचा मार्क आला.

चौदा वर्षांखालील मुलांच्या नावावरचे २,००० मार्क एकास एक दराने बदलून मिळणार होते. त्यांच्यापेक्षा मोठ्यांसाठी ही मर्यादा ४,००० आणि साठीच्या पुढच्यांसाठी ६,००० होती. त्यावरच्या शिलकीला निम्मेच मिळणार होते. एका सहकारी बाईंच्या घरी त्यामुळे फारशी शिल्लक नसलेल्या आजीचा भाव एकाएकी वधारला आणि वडिलांची जास्तीची रक्कम आजीच्या व मुलांच्या खात्यांत विभागली गेली. भांडवलशाहीचा पहिला धडा या बाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, वडिलांच्या शेजारी बसून गिरवला.

दुकानांच्या फळ्यांवरून ओळखीचे मुरंबे आणि कपडे धुण्याची पावडर जवळजवळ रातोरात नाहीशी झाली. पश्चिमेकडचे रंगीत वेष्टनांतले दही मुलांना अर्थातच आवडले. पण नवा मार्क हाती आलेले सगळेच पश्चिमेचा माल घेऊ लागल्यावर स्थानिक कारखान्यांचा माल घेणार कोण, हा प्रश्न उरला. पूर्व युरोपातल्या जुन्या ग्राहकांनाही हा महागडा मार्क परवडेना. सरकारी उद्योगांच्या खासगीकरणासाठी नेमलेल्या ट्रॉयहांड या संस्थेकडे सुरुवातीला सुमारे ४० लाख कामगारांचे कारखाने होते, त्यातले कित्येक विकले गेले आणि कित्येकांना कुलूप लागले. या बाईंच्या आईची सूतगिरणीतली नोकरी त्यातच गेली, आणि बेकारभत्त्याचा अर्ज भरताना ती मुलीलाच विचारू लागली की या रकान्यात काय लिहायचे.

स्वातंत्र्याच्या कौतुकात ही गोष्ट झाकली जाते, असे मला वाटते. विमा, कर, भाडेकरार यांविषयी मोठ्यांना मुलांइतकेच कळत होते, म्हणजे काहीच नाही. शाळेतही तीच तऱ्हा होती. सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाची थोरवी सांगणारा नागरिकशास्त्राचा विषय गेला, शनिवारची शाळा बंद झाली (यावर मुलांची तक्रार नव्हती), आणि काल रशियन शिकवणाऱ्या बाई स्वतः संध्याकाळच्या वर्गाला जाऊन, मुलांच्या एक धडा पुढे राहत, इंग्रजी शिकवू लागल्या.

माझ्या सहकारी बाईंना कोणी बिचारे म्हटलेले खपत नाही. प्रवास आणि हवे ते शिकण्याची मुभा यांवर पाणी सोडायला त्या आजही तयार नाहीत. पण उद्याचा भरवसा नसलेल्या त्यांच्या मावश्या आणि आत्यांनी मूल होऊ देणेच लांबणीवर टाकले. पूर्वेकडच्या राज्यांतली वार्षिक जन्मसंख्या १९९४ पर्यंत १९९० च्या निम्म्याहूनही खाली आली आणि काही वर्षांनी त्यांच्या शाळेत पहिलीचा वर्ग भरण्याइतकी मुलेच उरली नाहीत.