गोव्याचे आमदार पक्ष का बदलतात? तुम्ही विचारलंत म्हणून

पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की जेवणानंतर हा प्रश्न हमखास निघतो: "तुमचे आमदार रातोरात पक्ष कसे बदलतात हो? पैशासाठीच ना?" मी बरीच वर्षं पर्वरीला विधानसभेचं वार्तांकन केलं, म्हणून उत्तर माझ्याकडून हवं असतं. पैसा नसतोच असं मी म्हणणार नाही. पण तेवढ्यावर थांबलात तर आमदार कळायचा नाही.

त्यासाठी सकाळी सातला त्याच्या घरी जायला हवं. सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, माणसं बसलेली असतात. कुणाला विजेचा खांब हलवून हवा, कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) खाट हवी. आणि बाकी बहुतेकांचं एकच मागणं: "भाई, पुताक कामाक लायात." म्हणजे मुलाला कामाला लावा. आणि काम म्हणजे सरकारी नोकरी. एका आमदाराच्या माणसाची वही मी पाहिली होती. नाव, शिक्षण, वाडा, आणि शेवटच्या रकान्यात घरातली मतं.

मतांचा रकाना उगीच नव्हता. इथे मतदारसंघ सरासरी तीसेक हजार मतदारांचा. 2022 मध्ये फोंड्याचा निकाल 77 मतांनी लागला, खुद्द मुख्यमंत्री प्रमोद सावंत साखळीत 666 मतांनी निवडून आले. एखादं मोठं घर आणि त्याचे सोयरे रुसले तरी आमदारकी जाते. म्हणून लग्न, बारावं, जत्रा, चर्चचं फेस्त, काहीच चुकवून चालत नाही.

विरोधी आमदाराच्या सोप्यावरही हीच माणसं येतात. त्याचा फोन मात्र खात्यात कुणी मनावर घेत नाही.

त्यात कायद्याचं गणित. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या 15 टक्क्यांवर आणली, पण छोट्या राज्यांना मुख्यमंत्री धरून 12 जणांची मुभा ठेवली. आमचं सभागृह 40 चं, बहुमत 21 चं. म्हणजे काठावरच्या सरकारात निम्म्याहून अधिक जण मंत्री होऊ शकतात, उरलेल्यांना महामंडळं. पक्ष सोडला तर आमदारकी जाते, पण पूर्वी पक्षाचे एक तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर ती वाचायची. त्याच दुरुस्तीने ही सोय बंद केली, पण दोन तृतीयांशांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची वाट उघडी राहिली. जुलै 2019 मध्ये काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदार भाजपमध्ये गेले, सप्टेंबर 2022 मध्ये 11 पैकी 8. दोन्ही वेळा कायद्याला लागतात नेमके तेवढेच.

लोक हे खपवून घेतात असंही नाही. 2019 च्या त्या दहांपैकी बहुतेक पुढच्या निवडणुकीत पडले. विरोधी पक्षनेतेपद सोडून उपमुख्यमंत्री झालेले बाबू कवळेकरही केप्यात हरले. तरी सहाच महिन्यांत आठजण गेलेच. मतदाराची शिक्षा पाच वर्षांनी येते, सोप्यावरची माणसं उद्या सकाळी.

मला सर्वात जास्त सलतं ते वेगळंच. जमिनीच्या एका विधेयकावर रात्र रात्र वाचून बोललेला आमदार मी पाहिला आहे. सभागृहात त्याने मंत्र्याला निरुत्तर केलं. मतदारसंघात त्याला त्याबद्दल कुणी एका शब्दाने विचारलं नाही. कायदे करायला ज्याला पाठवलं, त्याच्याकडून आपण ते काम मागतच नाही.

नोकरभरतीसाठी 2019 मध्ये कर्मचारी निवड आयोगाचा कायदा झाला. तरीही 2024 मध्ये सरकारी नोकरीच्या नावाखाली लोकांकडून पैसे उकळल्याची प्रकरणं एकामागून एक बाहेर आली. पक्षांतराविरुद्ध आणखी कडक कायदा करा असं सगळे म्हणतात. मी म्हणतो, आधी शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत प्रत्येक भरती या आयोगाकडे द्या आणि निकाल गुणांसह जाहीर करा. मग विरोधी बाकावर बसूनही आमदाराला पुन्हा निवडून येता येईल.