तुम्ही विचारलंत म्हणून : गुरांची ट्रॉली घेताना आधी तळ बघा

"जिभाऊ, ढोरं नेवाले ट्राली कोणती लेऊ?" बाजारात गेलो की हा प्रश्न ठरलेला. कोणी लग्नात भेटलं तरी हेच, कोणी फोन करून हेच विचारतं, आणि काहीजण तर मोबाइलवर अमेरिकेतल्या त्या लांबलचक चकचकीत ट्रेलरचे व्हिडिओ दाखवतात आणि म्हणतात असंच पाहिजे आपल्याला. पारोळ्याकडे आमचा मळा आहे, म्हशी आहेत, थोड्या शेळ्या आहेत, जनावरं इकडून तिकडे न्यायचं काम महिन्यातून दोन-तीनदा तरी पडतंच, म्हणून लोकांना वाटतं याला माहीत असेल. तर एकदाच सगळं लिहून टाकतो.

सगळे विचारतात कोणत्या कंपनीची. मी सांगतो कंपनी नंतर, आधी खाली वाकून तळ बघा. जनावर ज्यावर उभं राहणार तो तळ धड असेल तर बाकी सगळं दुरुस्त करता येतं, तळ चुकला तर रंग, रेडियम, डिझाइन काही कामाचं नाही.

हे मी का म्हणतो तेही सांगतो. आमची पहिली ट्रॉली एका वर्कशॉपमधून बनवून घेतली होती, पातळ पत्रा, वरून छान निळा रंग, दोन पावसाळे काढले तिने. तिसऱ्या वर्षी एक गाभण म्हैस आणत होतो, सातवा महिना, रस्ता खराब नव्हता, वेगही नव्हता. मागून सालदार ओरडला म्हणून थांबलो तर म्हशीचा मागचा पाय पत्रा फोडून गुडघ्यापर्यंत खाली गेलेला आणि ती दुसऱ्या पायावर उठायला बघतेय. पत्रा कडेला, जिथे अँगलला वेल्ड केलेला असतो ना, तिथे खालून पार सडला होता आणि वर रंग जसाच्या तसा. कटर आणून पत्रा कापला, पाय काढला, डॉक्टर आले, पण हाड गेलं होतं. ती म्हैस वाचली नाही. माझी आई चार दिवस नीट जेवली नाही. त्या दिवसापासून मी कोणाचीही ट्रॉली बघितली की आधी खाली शिरतो, लोक हसले तरी.

आता तळच का सडतो, तर शेण आणि मूत. जनावराच्या मुतात क्षार असतात, युरिया असतो आणि त्या युरियाचा अमोनिया होतो, आणि जिथे ओल साचून राहते तिथे लोखंड आतून खाल्लं जातं. कापूस, केळी, खत वाहणाऱ्या ट्रॉलीला हा त्रास एवढा नसतो म्हणून मालवाहू ट्रॉलीवर चार पाइप उभे करून ती गुरांची होत नाही. वेल्डरला सांगा की तळाच्या कडेला पाणी निघून जायला फट सोड, सगळीकडून बंद करू नको, आणि अँगल असा लाव की त्याच्या कुशीत शेण अडकणार नाही, म्हणजे उघडी बाजू खाली. चौकोनी पाइप वापरणार असाल तर दोन्ही तोंडं वेल्डने बंद करा नाहीतर आत पाणी शिरतं आणि आतून गंज धरतो, बाहेरून कळतही नाही.

तळ कशाचा घ्यायचा यावर आमच्याकडे लोक तासन्तास वाद घालतात. माझं मत लाकूड. दीड इंची बाभळीच्या फळ्या, आडव्या, मध्ये बोटभर फट, खाली चॅनल. लाकडावर पाय घसरत नाही, उन्हात पत्र्यासारखं तापत नाही, आणि एक फळी सडली तर एकच फळी बदलायची. चेकर प्लेट, म्हणजे उठावाची नक्षी असलेला जाड पत्रा, मजबूत असते हे खरं, पण लोकांना वाटतं त्यावर नक्षी आहे म्हणजे घसरणार नाही, तसं नाही हो, एकदा शेण पसरलं की ती नक्षी बुजते आणि म्हशीचा खूर त्यावर साबणासारखा सरकतो. प्लेटच घ्यायची तर वरून जाड रबरी मॅट टाका, ती उचलून धुता आली पाहिजे, चिकटवू नका, नाहीतर मॅटच्या खाली ओल राहून प्लेट जास्त वेगाने सडते. काहीजण १२ एमएमची सळई आठ-आठ इंचावर आडवी वेल्ड करून घेतात, तेही चालतं, फक्त सळई दोन्ही टोकांना भिंतीपासून दोन इंच आधी थांबवा म्हणजे धुताना पाणी वाहून जाईल.

ॲल्युमिनियमचं पण विचारतात, ते व्हिडिओ बघून. हलकं असतं, लोखंडाच्या एक तृतीयांश वजन, आणि लोखंडासारखं गंजत नाही. पण तडा गेला तर आपल्या फाट्यावरचा वेल्डर त्याला हात लावणार नाही, त्याला आरगॉन वेल्डिंग लागतं आणि तो कारागीर शोधत शहरात जावं लागतं. शिवाय ॲल्युमिनियमला लोखंडी बोल्ट लावला आणि त्यावर मूत पडत राहिलं की त्या जागी ॲल्युमिनियमच खाल्लं जातं. आपल्याकडे जे गावात दुरुस्त होतं तेच टिकतं. लोखंड घ्या, पैसे असतील तर सांगाडा तयार झाल्यावर गॅल्व्हनाइझ करून घ्या, म्हणजे जस्ताचा थर (चौकोनी पाइपांची तोंडं मात्र त्यानंतरच बंद करा, बंद पाइप गरम जस्तात फुटू शकतो), नाहीतर रेड ऑक्साइड या गंजरोधक रंगाचे दोन हात आणि दरवर्षी पावसाळ्याआधी खालून परत एक.

आता मापाचं. माल जागेवर पडून राहतो, जनावर हलतं. पाचशे किलोच्या चार म्हशी म्हणजे दोन टन, आणि ते दोन टन ब्रेक मारला की पुढे येतात आणि वळणावर एका बाजूला झुकतात. एका धुऱ्याच्या (एक्सलच्या) ट्रॉलीत सगळ्या मागे सरकल्या तर हूक वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात, हे फार धोक्याचं आहे. म्हणून मधोमध एक फाटक पाहिजेच, आणि धुरा बरोबर मध्ये नको, थोडा मागे पाहिजे म्हणजे थोडं वजन कायम हुकावर राहतं. किती जनावरं घालायची हे कायद्यातही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१५ मध्ये दुरुस्ती झाली, जी १ जानेवारी २०१६ पासून लागू आहे, त्यात गाय-म्हशीला प्रत्येकी २ चौरस मीटर आणि शेळी-मेंढीला ०.३ चौरस मीटर जागा आणि मध्ये कायमचे आडोसे असं सांगितलंय. दहा बाय सहा फुटांची ट्रॉली म्हणजे साधारण साडेपाच चौरस मीटर, म्हणजे दोन म्हशी, किंवा अठरा शेळ्या. तीन म्हशी न्यायच्या तर बारा बाय सहा लागते. लोक दहा बाय सहात पाच-सहा कोंबतात आणि मग म्हणतात ट्रॉली टिकत नाही. गर्दीत एक जनावर खाली बसलं की त्याला परत उठायला जागाच मिळत नाही, बाकीच्यांच्या पायाखाली जातं.

रॅम्पवर मात्र मी जास्त बोलणार आहे कारण बरीचशी दुखापत चढवता-उतरवताना होते. ट्रॉलीचा तळ जमिनीपासून तीन फूट आणि फाळका, म्हणजे मागचं दार, चार फुटाचा, तोच खाली टाकून त्याचा रॅम्प करतात, तो चढ जवळपास ४९ अंशाचा होतो, माणूस चढताना हात टेकेल. वीस-पंचवीस अंशाच्या वर जनावर मनापासून चढत नाही, मग शेपटी पिळणं, काठी, आरडाओरड. तीन फूट उंचीला पंचवीस अंश पाहिजे तर रॅम्प सात फुटाच्या वर लागतो, तो एकट्याने उचलत नाही. म्हणून तळ जेवढा खाली घेता येईल तेवढा घ्या, ७.५०-१६ मापाचे लहान टायर आणि तळ दोन फुटाच्या आसपास, मग पाच फुटाचा रॅम्प पुरतो. जुनी उंच ट्रॉली असेल तर बांधाला मागून लावा, आमचे वडील हेच करायचे, बैलगाडीच्या काळापासून. रॅम्पवर आडव्या पट्ट्या आणि दोन्ही बाजूंना आडोशाच्या फळ्या, कारण जनावराला बाजूला पोकळी दिसली की ते थबकतं. आणि नवीन जनावर असेल तर दोन दिवस आधी ट्रॉली गोठ्याजवळ उभी करून आत ढेप ठेवा, तिसऱ्या दिवशी ते स्वतः चढतं, मी कितीदा बघितलंय.

बाजू म्हशीसाठी पाच फूट तरी, खालचा भाग बंद आणि वर पाइप म्हणजे वारा लागतो. शेळ्या नेणार असाल तर खालच्या भागात चार इंचाच्या वर फट नको, पाय अडकतो. बोल्टची डोकी आत येऊ देऊ नका, आतून हात फिरवून बघा, तुमच्या हाताला लागलं तर त्यांच्या कातडीलाही लागणार. फाटकाची कडी अशी पाहिजे की जनावराने अंग घासलं तरी उचलली जाणार नाही, वर पिन. तोंड ट्रॅक्टरकडे करून बांधा, १९७८ च्या जनावर वाहतुकीच्या नियमांतही तेच सुचवलंय, आणि सोबत एक माणूस हवाच. गाठ एका झटक्यात सुटणारी मारा.

छताला पत्रा नको. आपल्या खान्देशात मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, खाली काळी म्हैस, तिला घाम फारसा येत नाही, वर तापलेला पत्रा, म्हणजे भट्टीच. हिरवी शेडनेट ताणा, डोक्यापासून दीड-दोन फूट वर, आणि पहाटे निघा, दहाच्या आत पोचा. निघताना अंगावर पाणी मारा.

जुनी घेत असाल तर हातोडी आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन जा. तळाच्या कडांना ठोका, चांगलं लोखंड खणखणतं आणि सडलेलं दबका आवाज करतं, शंका आली तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचा. चाक जॅकवर उचलून हलवा, बेअरिंग कळतं. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, नक्षी नवी दिसली तरी रबर जुनं असतं. आरसी आणि चासी नंबर जुळतो का बघा, ट्रॉलीचीही नोंदणी असते. मागे रिफ्लेक्टर आणि लाइट नसेल तर त्याच दिवशी लावा. जनावराच्या कानातला बारा अंकी बिल्ला, डॉक्टरचा दाखला आणि बाजाराची पावती ट्रॅक्टरवरच ठेवा, घाट उतरून चाळीसगावला येताना किंवा सारंगखेड्याच्या यात्रेच्या दिवसांत रस्त्यात विचारणा झाली तर घरी फोन करून चालत नाही. घाटात उतरताना कमी गिअर, ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक बहुतेक नसतो आणि मागचं वजन ट्रॅक्टरला ढकलतं.

धुण्याचं राहिलं. २०२२ च्या ऑगस्टात रावेर तालुक्यातल्या चिनावलला लंपी, ही गुरांच्या कातडीची साथ, सापडली आणि मग आपले बाजार कसे बंद पडले ते सगळ्यांना आठवत असेल. तेव्हापासून बाजारातून आलेली ट्रॉली मी गोठ्यापर्यंत नेतच नाही, मळ्याच्या तोंडाशी आधी शेण खरडून काढतो, मग पाण्याने, मग सोडियम हायपोक्लोराइट. शेण तसंच ठेवून वरून औषध मारलं तर ते काम करत नाही. आणि अर्ध्या तासाने परत साध्या पाण्याने धुतो, कारण ते औषधही लोखंडाला खातं.

सध्याची ट्रॉली बारा बाय सहा आहे, बाभळीचा तळ, तीन म्हशींच्या वर मी घालत नाही. गेल्या दिवाळीत मागच्या दोन फळ्या काढून नव्या टाकल्या, खालचं चॅनल वायर ब्रशने घासलं तर आतून स्वच्छ निघालं. कोणाला मापं पाहिजे असतील तर मळ्यावर या, टेप घेऊन या, आणि जुने कपडे घालून या कारण मी तुम्हालाही खाली शिरायला लावणार आहे.